कुराशिनांची जीभ

जपानमधल्या किताकाता गावातली माणसं सकाळी सातला रामेन, म्हणजे रस्स्यातल्या नूडल्स, खातात, आणि त्यातली बरीचशी कुराशिना तोकुजींच्या दुकानात खातात. तोकुजी अडुसष्ट वर्षांचे. त्यांच्या मते रामेन जमलेली माणसं जगात दोनच. दुसरे त्यांचे वडील, आणि ते वारून वीस वर्षं झाली होती.

बायको फुमिए पहाटे तीनला उठून डुकराची हाडं उकळायची, पहिलं पाणी ओतून हाडं घासून धुवायची, सुक्या मासळीची डोकी आणि पोटं खुडायची, रस्सा मंद आचेवर ठेवायची. साडेसहाला तोकुजी यायचे, पळीभर चाखायचे, डोळे मिटायचे आणि मीठ टाकायचे. एवढे कष्ट घेतल्यावर रामेन अर्थातच तोकुजींचं.

फेब्रुवारीत त्यांना सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना चव घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. तोकुजींनी हे फुमिएलाही सांगितलं नाही. रोज पूर्वीसारखेच डोळे मिटून ते अंदाजाने मीठ टाकू लागले, आणि अंदाज त्यांच्या स्वभावासारखाच होता, जरा जास्त.

फुमिएला दुसऱ्याच दिवशी कळलं. तोकुजींनी चुकून वाडग्यात घालायच्या निव्वळ सोया सॉसची पळी तोंडाला लावली आणि म्हणाले, "आज मासळी छान उतरलीय."

"हो का," फुमिए म्हणाली.

ते दुकान उघडल्याची खूण म्हणून दारावर पडदा टांगायला गेले की ती रस्सा चाखायची आणि सोया सॉस हात आखडून घालायची. पुढे धीर वाढला तशा तिने पातेल्यात आल्याच्या चकत्याही टाकल्या. ही सूचना तोकुजींनी चाळीस वर्षं फेटाळली होती.

एप्रिलमध्ये निवृत्त शिक्षिका मुरोईबाईंनी रिकामा वाडगा पुढे सरकवला. "काय केलंत हो? आज तळापर्यंत प्यायले."

"जिभेची करामत," तोकुजी म्हणाले. "वयाबरोबर धार वाढतेय."

फुमिए नूडल्समधलं पाणी झटकत राहिली.

मे महिन्यात एका सकाळी तोकुजींची चव परत आली. पळी तोंडाला लावून ते तसेच उभे राहिले.

"यात आलं आहे."

"आहे."

"कधीपासून?"

"झाले दोन महिने."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमची चव गेली ते तुम्ही मला सांगितलंत?"

तोकुजींना आधी राग आला. मग ऐकलेली सगळी स्तुती एकेक करून आठवली, आणि कान तापले. ते गिऱ्हाइकांच्या बाजूला जाऊन स्टुलावर बसले. "एक वाडगा दे."

फुमिएने वाडग्यात सोया सॉस घातला, वर उकळता रस्सा ओतला, तीन मिनिटं शिजलेल्या जाड, नागमोडी नूडल्स सोडल्या, मांसाचे चार काप मांडले. तोकुजींनी मान वर न करता सगळं संपवलं.

तेवढ्यात मुरोईबाई आल्या. "आज तुम्ही इकडे कसे?"

तोकुजींनी घसा साफ केला. "रामेन ही करते. फेब्रुवारीपासून."

"ते गावाला ठाऊक आहे," मुरोईबाई बसत म्हणाल्या. "तुम्हाला कोण सांगणार, एवढाच प्रश्न होता. फुमिएबाई, नेहमीचं द्या."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे तीनला उठून मासळी खुडायचं काम तोकुजींकडे आलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी निम्मी मासळी चुरून टाकली आणि दोष मासळीला दिला. फुमिए तेव्हा वरच्या मजल्यावर झोपलेली असायची. ती आता चारला उठते.