पांढऱ्या शाईचे दोन डबे

गडद सुती कापडावर पांढरं छापणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात नखरेल काम. लकडगंजच्या दुकानदाराने माझ्यापुढे दोन डबे ठेवले होते. एकातली शाई दोनदा लावायची, मधे वाळवायची आणि शेवटी चांगली तापवायची. मग ती कापडाला धरून राहते. दुसरी एकाच हातात पांढरीशुभ्र दिसते. मला काम लवकर उरकायचं होतं, मी दुसरी उचलली.

काम प्रयागबाईंचं होतं. आमच्याच इंदोरा वस्तीतल्या त्या; धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यांचं महिला मंडळ दीक्षाभूमीवर आलेल्यांना पाणी वाटतं. वीस निळे टी-शर्ट, पाठीवर 'पाणी सेवा'. देण्याआधी मी एक शर्ट दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिला. अक्षरांवर बारीक भेगा पडल्या. तो मी घडी करून गठ्ठ्याच्या तळाशी सारला.

आठ-दहा दिवसांनी प्रयागबाई सून गोपिकेला घेऊन दुकानात आल्या. सोबत आणलेल्या शर्टावरचं 'सेवा' पार निघून गेलं होतं. भांडण होणार म्हणून मी तयारीतच होतो, पण ओशाळल्या होत्या त्याच.

"हिनं गरम पाण्यात भिजवले गा, प्रेमानंद. आमचंच चुकलं असन न?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "हो काकी, गरम पाण्यानं होते तसं."

त्यांनी तिथेच गोपिकेला झापलं, मंडळात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस म्हणाल्या. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मी आपला डबे पुसत बसलो.

वर्षभर गोपिका समोरून येताना दिसली की मी गाडी दुसऱ्या गल्लीत वळवायचो. आपण इतके भेकड आहोत, याची मला मनापासून लाज वाटायची.

यंदाही काम माझ्याकडेच आलं. या वेळी शाई पहिल्या डब्यातली घेतली. गठ्ठा न्यायला दोघी आल्या.

"यंदा मीच धुईन," प्रयागबाई म्हणाल्या. "हिले हात नाही लावू देत." आणि ऑटो बघायला बाहेर गेल्या.

गोपिकेने वरचा शर्ट उचलून ताणला. अक्षरं जशीच्या तशी राहिली.

"मागच्या साली तं धुवाच्या आधीच तडकले होते, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "मी बोलली नाही. तुमीच सांगसान असं वाटलं."

माझे कान तापले. प्रयागबाई ऑटोवाल्याशी बोलत होत्या. मी उठून दारात गेलो.

"काकी," मी म्हटलं, "जरा आत या. गोपिकेचं काही चुकलं नव्हतं."