ओसाड म्हणवलेलं गायरान

पुण्याहून आलेली बाई कळसच्या गायरानात पोचली, त्याच्या आधीच दत्तोबाने मेंढरं ओढ्यापलीकडे हाकलली होती. बातमी फाट्यावरूनच आली होती: हातात नकाशा, पायात बूट, आणि विचारते गायरान कुठं. असं कोणी आलं की मेंढरं नजरेआड करायची, ही दत्तोबाच्या बापापासूनची रीत. कचेरीच्या माणसाच्या नजरेला पडली की चराईचा दंड ठरलेला.

बाईचं नाव योगिनी. विद्यापीठात होती. लढाई संपल्यावर जमीन आणि पाणी कुणाच्या पदरात पडतं, याचा अभ्यास करायची.

"लढाई सरहद्दीवर झाली, बाई. हितं काय बघताय?" दत्तोबाने विचारलं.

"एकाहत्तरच्या लढाईनंतर यातलं अर्धं गायरान सैनिकांना दिलं ना, आबा? तेव्हा इथं कुणाची जनावरं चरायची?"

आबा म्हणते, म्हणजे काम मोठं दिसतंय. दत्तोबाने सुनेकडे पाहिलं. सारजाने मान खाली घातली.

"कुणाची न्हाय. आमी मेंढरं कवाच इकली."

"आणि उरलेल्या अर्ध्यात?"

"कुसळं हायती. न्या उपटून."

योगिनी हसली नाही. "कचेरीत हेच लिहिलंय. जमीन ओसाड, कुणी वापरत नाही. मला ते खोटं वाटलं, म्हणून आले. उरलेलंही आता याच शब्दावर वाटून टाकणार आहेत. तुम्हीच म्हणताय, तर खरंच असेल." तिने पिशवी खांद्याला लावली.

दत्तोबाने ओढ्याकडे पाहिलं. मेंढरं दाखवावीत तर दंड, लपवावीत तर रानच जातंय. आणि ही बाईचीच चाल असली तर?

"आबा, लई गोड बोलतीया," सारजा कुजबुजली. "कुणाच्या पोटात काय, कुणी बघितलंय?"

"तू गप. रान गेल्यावर मेंढरं काय तुज्या चुलीपुढं चारायची व्हय?"

त्याने बांधावर चढून लांब हाळी दिली. ओढ्याच्या काठावर धूळ उठली आणि मेंढरं एकमेकांना रेटत वर आली. योगिनीने बोट उचललं, "एक, दोन..."

"आं हां! मोजू नका, दिष्ट लागती. नुसती बघा."

तिने बोट खाली घेतलं. "बघितली, आबा."

"मग आता सांगा, तुमाला धाडलं कुणी?"

"कुणीच नाही."

दत्तोबाला ते काही पटलं नाही. मेंढरं पाणी पितात ती जागा दाखवायला तो निघाला खरा, पण वाटभर मेंढरांच्या आणि तिच्या मधूनच चालला.