हर्षालीच्या शंका

नाशकाजवळ मखमलाबादच्या पलीकडच्या मळ्यातल्या हर्षालीला शंका फार. दहा वर्षांची पोर, पण तोंडाचा पट्टा असा, की फुलं तोडणाऱ्या बायका म्हणायच्या, "हिला बाजारात बसवा, गिऱ्हाईक भाव न करताच पळंल." झेंडू तोडल्यावर हाताचा वास साबणानं का जात नाही? शेजारच्या मळ्यातली मधमाशी आपल्याकडं आली, तर मध कुणाचा? तिची आई सुवर्णा हार ओवता ओवता अर्ध्या प्रश्नांना नुसतं "हं" म्हणायची. उरलेले अर्धे भिकन गुरुजींच्या वाट्याला जायचे.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर पाच-सहा पोरं जमवून ते सरकारी नवोदय शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेत. पाचवीतल्या पोरांची ही परीक्षा. निवड झाली की राहणं, जेवण, शिक्षण सगळं बारावीपर्यंत तिथंच. अख्ख्या जिल्ह्यातून मोजकी पोरं घेतात, आणि त्या मोजक्यांत सुवर्णाला आपली हर्षाली हवी होती. सुवर्णा स्वतः लहानपणी शाळेत पहिली यायची. पण तिला कुठल्या परीक्षेला बसवावं हे कुणाला सुचलं नाही, आणि बारावी होते न होते तोच लग्न होऊन हातात सुई-दोरा आला. पोरीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, हे तिनं पक्कं धरलं होतं.

एकदा हर्षालीला न्यायला ती ओट्यापाशी थांबली. गुरुजी गणित घालत होते. फळवाल्याकडं चार डझन केळी, त्यातली दहा नासली, तर उरली किती?

"गुरुजी, नासलेली त्यानं फेकली का गायीला घातली?" हर्षालीनं विचारलं.

झालं. गुरुजींनी खडू खाली ठेवला. केळी कशी पिकतात, का नासतात, गायीला चालतात का, यातच अंधार पडला. पोरं हसत होती, गुरुजीही हसत होते. सुवर्णा मात्र फळ्याकडं बघत होती. संध्याकाळभरात एक गणित!

नाशकात या परीक्षेचा एक निवासी क्लास होता. रस्त्यावर भलामोठा फ्लेक्स, त्यावर निवड झालेल्या पोरांचे फोटो. सुवर्णा नवऱ्याला, अश्विनला घेऊन बघायला गेली. मोठ्या खोलीत पोरं मान खाली घालून उत्तरपत्रिकेतले गोल काळे करत होती. पेनांच्या खरखरीशिवाय आवाज नाही. सुवर्णाला ती शांतता फार आवडली.

"पोरगी गुरुजींकडं लय रमलीय," अश्विन परतताना म्हणाला. "राहू दे की तिकडंच."

"रमून निवड होत नाय. मीबी रमलेच होते की शाळेत."

त्यानं गाडी मळ्याच्या रस्त्याला घातली.

गुरुजी रागावतील असं तिला वाटलं होतं. तेही नाही. "धाड तिकडं," ते म्हणाले. "परीक्षेला वेग लागतो, सुवर्णा. माझ्याकडं तो नाय." तिच्या मनावरचं ओझंच उतरलं. गुरुजी भांडले असते तर बरं झालं असतं, हे तिला पुष्कळ उशिरा वाटलं.

जूनमध्ये हर्षाली गेली. फोन फक्त रविवारी. सुरुवातीला ती रडायची, पण रडता रडताही विचारायची, "आई, इथल्या आमटीतली डाळ खाली का बसते? आपली का नाही बसत?" दसऱ्याला दरवर्षी ती फुलबाजारात आईशेजारी बसून गिऱ्हाइकांना हाका मारायची. त्या वर्षी सुट्टी मिळाली नाही. दिवाळीनंतर फोनवर "हो", "नाही", "बरी आहे" एवढंच येऊ लागलं. सुवर्णानं काळजीनं क्लासच्या सरांना गाठलं.

"उलट सुधारलीय," सर म्हणाले. "आधी गणितागणिताला शंका काढून वेळ घालवायची. आता एकसुद्धा शंका विचारत नाही."

आणि या बाईनं येताना पेढे आणले. चार घरी वाटलेसुद्धा! आज त्या पेढ्यांची आठवण झाली की तिला तोंड लपवावंसं वाटतं.

जानेवारीत परीक्षा झाली आणि हर्षाली घरी आली. वाढलेलं ताट समोर ठेवलं तरी ती बसून राहायची. "जेव" म्हटलं की जेवायची. घरच्या मोरीत जायलाही विचारून जायची. मळ्यात फुलं भराभर तोडायची, न बोलता. "पोरगी लय शहाणी झाली बाई," बायका म्हणाल्या. सुवर्णानं झेंडूनं माखलेला आपला हात तिच्या नाकाशी धरला आणि वाट पाहिली.

"झेंडू," हर्षाली म्हणाली आणि पुढच्या झाडाकडं वळली.

एका संध्याकाळी गुरुजी मुद्दाम घरी आले. त्यांनी तेच केळ्यांचं गणित घातलं. त्यांचं वाक्य संपायच्या आत हर्षालीनं सांगितलं, "अडतीस."

गुरुजी थांबले. मग त्यांनीच विचारलं, "आन् नासलेल्यांचं काय झालं असंल गं?"

"ते विचारलेलं नाहीये, गुरुजी."

सुवर्णानं चहा टाकला होता, तो न घेताच गुरुजी उठून गेले.

पुढं निकाल लागला. हर्षालीची निवड झाली. क्लासच्या नव्या फ्लेक्सवर तिचा फोटो लागला, गावातल्या तालमीच्या पोरांनी फटाके वाजवले, अश्विन तर तो फोटो दोनदा बघून आला. सुवर्णानं सगळ्यांचं हसून स्वागत केलं, आणि तिला आपल्या हसण्याची लाज वाटली. जे मागितलं होतं ते पदरात पडलं होतं, आणि तिला ते नको झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी शेडमध्ये हार ओवत बसल्या होत्या. सुवर्णानं सुई खाली ठेवली.

"हर्षू, खरं सांग. तुला तिकडं जायचंय, का इथं आमच्याजवळ राहायचंय? तू म्हणशील तसं करू."

हर्षाली आईच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "यातलं बरोबर कोणतं?"

"अगं, यात बरोबर-चूक काय? तुला काय वाटतं ते सांग."

पोरीनं खरंच प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घातल्या, ओठ हलवले, छपराकडं पाहिलं. काही येईना, तशी ती कावरीबावरी झाली. सुवर्णाला राहवलं नाही. तिनं पदर तोंडाला लावला.

हर्षाली सरकून जवळ आली आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवून समजूत घालत म्हणाली, "असू दे, आई. जो प्रश्न येत नाही ना, तो सोडून पुढं जायचं असतं. शेवटी वेळ उरला तर मागं यायचं."

आणि तिनं टोपलीतलं पुढचं फूल उचललं.