काटा जागेवर असताना

"काटा जागेवर आला की हात मागे घे, बाबा. चांगल्या चाललेल्या बॉयलरला टोचायचं नसतं."

बॉयलरचं काम शिकवणारे उस्ताद जाऊन वर्षं लोटली, तरी त्यांचा खरखरीत आवाज त्याच्या कानातून गेला नव्हता. लॉन्ड्रीच्या तळघरात वाफेचा बॉयलर सांभाळता सांभाळता केस पिकले, पण ह्या वाक्यानं त्याला कधी दगा दिला नव्हता. गेल्या वर्षी हृदयाचा झटका येऊन गेला, डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, तेव्हाही त्यानं हेच वाक्य गाठीशी बांधलं. घरच्या यंत्रावर आकडा चांगला यायला लागला, तसा त्यानं गोळीवरून हात मागे घेतला. कुणाला न सांगता.

आज पाळी संपवून तो घरी आला तेव्हा अंग नुसतं आंबून गेलं होतं. बायको टेबलाशी बसली होती. समोर गोळ्यांची पाकिटं, एकही न फोडलेली.

"चहाच्या डब्यामागे सापडली," ती म्हणाली. "उंदीरसुद्धा याहून बरी जागा शोधतो."

"अगं, आकडा चांगला होता. आणि मला काही होतही नाही."

"मागच्या वेळी तरी काय होत होतं? जेवून हात धुतलेत आणि खालीच बसलात." तिच्या आवाजात राग उरला नव्हता. "हात पुढे करा."

तिनं दंडाला पट्टा बांधला. यंत्र घुरघुरलं, थांबलं. तिनं ते त्याच्याकडे फिरवलं. एवढा चढलेला काटा बॉयलरवर दिसता तर तो हातातलं टाकून धावला असता.

"पण जागेवर होता गं," तो पुटपुटला.

"कशामुळे होता? काटा कितीही चांगला असो, पाण्याकडे पाठ फिरवायची नाही, वाफ होते तसं पाणी आत जात राहिलंच पाहिजे. जेवताना हेच ऐकवत आलात ना जन्मभर? मग ही गोळी म्हणजे पाणी नव्हे, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

पाण्याचं तेही उस्तादांनीच शिकवलं होतं. तेवढंच तो सोयीनं विसरला होता.

"आण, दोन-तीन एकदम घेतो. राहिलेलं भरून काढतो."

पाकिटाकडे गेलेला हात वाटेतच थांबला. कोरड्या, तापलेल्या बॉयलरमध्ये एकदम गार पाणी सोडलं तर तो फुटतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"डॉक्टरांना विचारावं लागेल," तो म्हणाला.

"आधी सांगावं लागेल. घेत नव्हतो म्हणून. नाहीतर त्यांना वाटेल गोळी लागू पडत नाही, आणखी कडक देतील."

"बोलणी बसतील."

"बसू देत. बोलणी पचतात माणसाला."

"जातो. आत्ताच जातो. शब्द देतो तुला."

"थांबा, मीही येते. जरा पाठ टेकते आणि निघू."

पण खुर्चीतच तिचा डोळा लागला. पहाटे उठून ती देवापुढे बसायची, त्याच्यासाठी. तो आजारी होता तेव्हा बसायची, बरा झाला तेव्हाही बसायची. बरं आहे म्हणून तिनं नेम सोडला नव्हता.

तिला उठवायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं पाकिटं खिशात घातली, चपला हातात घेतल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं. दवाखाना कोपऱ्यावरच होता. कठड्याला धरून, सावकाश, तो जिना उतरू लागला.