उताणा डोंगर

माधवीने गठ्ठ्यावर गुडघा टेकवला आणि सुतळी जोरात ओढली. सुतळी तुटली. अकरा वह्या पडवीच्या फरशीवर घसरत पसरल्या.

"ऱ्हाऊ दे, मी बांधतो," पायरीवर बसलेले झुंबरतात्या म्हणाले. हे तिचे चुलते; बारामतीला जाता जाता रद्दी न्यायची म्हणून थांबले होते. त्यांनी एक वही उचलली, उघडली, उलटी धरून पाहिली. "मास्तरानं इंग्रजीचा एवढा ऊस लावला, पर गाळप काय झालं न्हाय."

माधवी हसली नाही.

अण्णांचं, तिच्या वडिलांचं, तेरावं झाल्यापासून चार दिवस ती या वह्याच चाळत होती. अण्णांनी इंदापूरच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, पुढे पिंपळीला या घरी येऊन राहिले. अशा माणसाने कुठेतरी, एखाद्या पानाच्या कोपऱ्यात का होईना, लेकीसाठी एक ओळ लिहिली असेल असं तिला वाटत होतं. निघाले ते नुसते शब्द. तीन अक्षरांचे, चार अक्षरांचे, पाच अक्षरांचे. ना अर्थ, ना वाक्य.

शब्द कशासाठी होते ते तिला माहीत होतं. ती नोकरीला नागपूरला गेली तेव्हापासून नऊ वर्षं बापलेक फोनवर एक खेळ खेळत होते. हाती आलेली सात इंग्रजी अक्षरं चौकटींत मांडून शब्द करायचा, गुण मिळवायचे. एक डाव त्यांचा, एक हिचा. घाई नाही, मुदत नाही. फोनवरचं बोलणं दोन मिनिटांत संपे, खेळ संपत नसे.

पण शब्दकोशाचा क्रम चुकला तर पोरांना बाकावर उभं करणाऱ्या माणसाने याद्या अशा कराव्यात? पहिल्या दोन वह्यांतलं अक्षर अण्णांचं होतं, तरी ओळी एकमेकींवर चढलेल्या. पुढच्या वह्यांत तर अक्षरं रांगोळीसारखी काढलेली, मोठी मोठी. आणि वर मराठीत मथळे. 'मधी दोन भाकऱ्या'. 'शेवटाला साप'. 'पहिला उताणा डोंगर, मग कोपी'.

डोकं ठिकाणावर असलेला माणूस असं लिहीत नाही. आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आतून जयवंता, तिची आई, पदराला हात पुसत आली. पसरलेल्या वह्या पाहून उंबऱ्यातच थांबली.

"कुठं चालल्यात ह्या?"

"रद्दीत."

"चार चौकटीची ऱ्हाऊ दे."

"कशाला? तुला काय करायचंय इंग्रजी वह्यांचं?"

आई खाली बसली. एकदोन वह्या बाजूला सारून तिने निळ्या पुठ्ठ्याची एक उचलली. उघडून बघावीही लागली नाही.

माधवीचा आवाज चढला. "आई, अण्णांना भ्रम झाला होता ना? हे बघ काय लिहिलंय. भाकरी, साप, डोंगर, ऊसतोड्यांची झोपडी. दोन वर्षं मला इकडे यायला जमलं नाही आणि तुम्ही सगळे माझ्याशी फोनवर 'बरं आहे, बरं आहे' म्हणत राहिलात."

"डोकं न्हाय बिघडलं त्यांचं," आई म्हणाली. "डोळं गेलं व्हतं."

तात्यांनी हातातली वही हळूच खाली ठेवली.

"साखरेनं. आधी एक, मग दुसरा. मला म्हणले, माधवीला सांगू नगंस. तिला कळलं तर ती खेळायचं बंद करंल." आई वहीवरून तळवा फिरवत होती. "मला कुठं येतंय इंग्रजी? मग फोनवर अक्षरं आली की ती कशावानी दिसत्यात ते मी सांगायची, एक टिकाव हाय, एक काठी हाय, दोन भाकऱ्या. ते मनात लावायचे. पुढं ते सांगत गेले आन् मी वहीत काढत गेले. सापडायला सोपं पडावं म्हणून असं लावलंय. किती चौकटी, पहिलं काय, मधी काय."

आईचं अक्षर कसं आहे, हे माधवीला आजवर माहीत नव्हतं.

"तात्या, तुम्ही निघा," ती म्हणाली. तात्या उठले. गाडीचा आवाज कालव्यापर्यंत ऐकू येत राहिला.

"दवाखान्यात असताना," माधवीने विचारलं, "शेवटचा शब्द आला होता. बुधवारी दुपारी. तो?"

तो शब्द ती गेले सतरा दिवस मनात घेऊन फिरत होती. बॅग भरून झाली होती, संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलं होतं. तेवढ्यात अण्णांचा डाव आला. डाव लावतायत म्हणजे बरे आहेत. आणि शब्द तर असा, की जणू त्यांनीच बजावलं होतं. तिने तिकीट रद्द करून शनिवारचं काढलं. गुरुवारी पहाटे फोन आला.

"त्यो मी लावला," आई म्हणाली. "ते सकाळपासनं बोलतच नव्हते. तुझा डाव येऊन पडला व्हता. म्हटलं, उत्तर न्हाय गेलं तर पोरगी तिकडं एकली घाबरंल. वही पिशवीत व्हतीच." तिने निळी वही उघडली. पान आपोआप उघडलं. कडेला हळदीचं बोट उमटलेलं होतं. "ह्यो बघ. उताणा डोंगर, कोपी, काठी, टिकाव. चारी अक्षरं माझ्याकडं व्हती. पयल्यांदाच एकटीनं लावला."

माधवीने पानाकडे पाहिलं. डोंगर, कोपी, काठी, टिकाव. डब्ल्यू, ए, आय, टी. वेट. थांब.

"त्यांच्या कानात सांगितलं मी, लावला म्हणून. ऐकलं का न्हाय, कुणाला ठावं." आईने वही गुडघ्यावर ठेवली. "तुला इचारायचंच व्हतं. बराबर व्हता का त्यो? अर्थ काय त्याचा?"

पडवीच्या कडेला तुटलेली सुतळी पडली होती. माधवीने ती उचलली आणि बोटाभोवती गुंडाळू लागली. बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत गुंडाळत राहिली.

"बरोबर होता," ती म्हणाली. "चौदा गुण मिळाले त्याला."

"चौदा," आई म्हणाली. तिने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते दिसलं नाही. मग कमरेला खोचलेल्या पिशवीतून तिने अण्णांचा फोन काढला आणि वहीशेजारी नीट, सरळ ठेवला.

"मग तू का न्हाय लावलास पुढचा? रोज बघतीया मी."