एक पान बाकी

रविवारी चार वाजता श्रुती येणार, आणि तिला "आता येत जाऊ नकोस" हे सांगायचं काम नलिनीबाईंच्या गळ्यात पडलं होतं. गळ्यात घातलं कुणी, तर पोटच्या पोराने. निनादची हैदराबादहून परत भोपाळला बदली झाली होती. गुरुवारी तो नव्या बायकोला, पूजाला घेऊन शाहपुऱ्याच्या याच घरी उतरणार होता. फोनवर म्हणाला, "आता परत चौघं झालो आई! रविवारी मस्त मेंढीकोटचा डाव मांडू." मग आवाज खाली आणून म्हणाला, "श्रुतीला मात्र तेवढं सांगून टाक. पूजाला ते बरं नाही वाटणार."

त्या पूजाची काही चूक नव्हती हो. नवऱ्याची पहिली बायको दर रविवारी सासूच्या दिवाणावर मांडी ठोकून पत्ते कुटतेय, हे कुठल्या सुनेला आवडेल? नलिनीबाईंना सगळं पटत होतं. तरी फोन आल्यापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

"तुम्ही सांगा ना तिला," त्या नवऱ्याला, वसंतरावांना म्हणाल्या.

"मला नाही जमायचं," म्हणून ते सरळ बाल्कनीत जाऊन बसले. झालं! ऐन वेळी हा माणूस नेहमी बाल्कनीतच सापडायचा.

पूर्वी या घरात मेंढीकोटच चालायचं. बापलेक एकीकडे, सासूसून एकीकडे. मग निनाद-श्रुतीचं बिनसलं, ते वेगळे झाले, तो हैदराबादला निघून गेला. महिन्याभराने श्रुती घराची किल्ली परत द्यायला आली. तिघं समोरासमोर बसले. बोलणार काय, कप्पाळ? शेवटी वसंतरावांनी पत्त्यांचा कॅट काढला. दुरीपासून छक्कीपर्यंतची सगळी पानं आणि दोन सत्त्या, अशी बावीस पानं बाजूला केली आणि पाच-तीन-दोन मांडलं. मेंढीकोटला चौघं लागतात, याला तिघं पुरतात. किल्ली टेबलावरच राहिली, आणि तेव्हापासून तीन वर्षं श्रुती दर रविवारी आनंद नगरहून स्कूटी मारत यायची. "आई, बाबा" म्हणणं तिने सोडलं नाही आणि यांनीही सोडू दिलं नाही.

पाच-तीन-दोनमध्ये एकाने पाच हात करायचे, एकाने तीन, एकाने दोन. ज्याचे हात कमी पडले त्याच्याकडून, जास्त केलेल्याने पुढच्या डावात न बघता एक पान ओढायचं आणि त्याला आपलं नको असलेलं द्यायचं. या तिघांनी त्यात एक घरचा नियम घातला होता. शेवटच्या डावानंतर कुणाचं तरी पान ओढायचं बाकी ठेवूनच उठायचं. फिटंफाट झाली तर आणखी एक डाव. "पान राहिलंय हं आई, येते पुढच्या रविवारी," असं म्हणत श्रुती चपला घालायची.

त्या रविवारी ती आली, येताना जिलबी घेऊन आली. कॅट पिसायला हातात घेतला आणि थांबली. वसंतरावांनी सकाळीच ती बावीस पानं परत आत मिसळून ठेवली होती. कॅट चांगला जाड लागत होता.

"निनाद येतोय का?" तिने विचारलं.

नलिनीबाईंनी मान हलवली. "गुरुवारी. दोघंही. अगं, मी सांगणारच होते..."

"असू दे आई." श्रुतीने एकेक करत बावीस पानं स्वतःच काढली. "आजचा दिवस तर खेळू. मागचं माझं एक पान आहे तुमच्याकडे."

तिने ते ओढलं. चार डाव झाले. एरवी केवढी भांडणं, केवढी चिडवाचिडवी! आज नुसता पत्त्यांचा आवाज.

शेवटच्या डावात श्रुतीला पाच हात करायचे होते, वसंतरावांना तीन, नलिनीबाईंना दोन. हुकूम बदाम. दोन-दोन पानं उरली तेव्हा श्रुतीचे पाच पुरे झाले होते, वसंतरावांचे दोन आणि नलिनीबाईंचा एक. वसंतरावांनी बदाम एक्क्याची उतारी केली. नलिनीबाईंकडे बदामाची राणी आणि अठ्ठी होती. राणी राखली तर शेवटचा हात कदाचित आपल्याला मिळेल, हे त्यांना कळत होतं. त्यांनी राणीच टाकली. हात कमी पडू दे माझा, त्यांनी मनाशी म्हटलं, पोरीचं एक पान माझ्याकडे राहू दे!

श्रुती क्षणभर त्या राणीकडे बघत राहिली. मग तिने बदाम राजा टाकला.

शेवटचं पान. वसंतरावांचा किलवर गुलाम, नलिनीबाईंची बदाम अठ्ठी, आणि श्रुतीच्या हातून पडली बदाम सत्ती. हात नलिनीबाईंचा. पाच, तीन, दोन. कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही.

"आणखी एक डाव?" वसंतराव म्हणाले.

"नको बाबा, उशीर होतो." श्रुतीने बाजूची बावीस पानं कॅटमध्ये घातली, नीट पिसली आणि डबीत भरली. "चौघांना पुरी लागतील."

ती चपला घालत होती. नलिनीबाईंना राहवेना. दाराची चौकट धरून त्या म्हणाल्या, "सत्ती राखून राजा कुणी टाकतं का गं? मी राणी मुद्दाम टाकली होती!"

"दिसलं मला, आई," श्रुती म्हणाली. "म्हणून तर राजा टाकला." तिने वाकून दोघांना नमस्कार केला आणि जिना उतरून गेली.