न पाहिलेल्या पोरीचं माप

फोटो आला तेव्हा दीक्षा रायपूरच्या समता कॉलनीतल्या पॅथॉलॉजीत रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत होती. मोबाइल थरथरला. तिनं हातमोजा काढून पाहिलं. निळ्या भिंतीपुढे एक मुलगी उभी होती. फ्रॉक पोटऱ्यांपर्यंत आलेला, बाह्या कोपरापाशी दुमडलेल्या, केस मुलग्यासारखे बारीक कापलेले. ती कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती, फोटो काढणाऱ्याच्या कपाळाकडे पाहत असावी. खाली लिहिलं होतं : फुलेश्वरी, वय तीन वर्षे आठ महिने, उंची एक्याण्णव सेंटिमीटर, वजन साडेअकरा किलो.

तिनं तो फोटो नवऱ्याला पाठवला. बुद्धभूषण उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वजनकाट्यावर बसायचा. दिवसभर त्याच्यासमोरून लोखंडाचे ट्रक जायचे आणि नुसत्या टायरांकडे बघून तो टनांचा अंदाज सांगायचा. साडेअकरा किलो हा आकडा त्यानं दोनतीनदा वाचला. ही पोरगी त्याच्या काट्यावर नाचली असती तरी काटा हलला नसता.

दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवून त्यांना तीन वर्षं झाली होती, लग्नाला अकरा. होकार कळवायला दोन दिवसांची मुदत होती. त्यांनी तासाभरात कळवला. बस्तरकडच्या एका शिशुगृहातून तिला आणायला जायचं होतं, दहा दिवसांनी.

त्या संध्याकाळी बीरगांवच्या घरी बुद्धभूषणनं टेप आणून दाराच्या चौकटीवर एक्याण्णव सेंटिमीटर मोजले आणि पेन्सिलनं रेघ ओढली. मग तिघंही, तो, दीक्षा आणि त्याची आई कांताबाई, त्या रेघेकडे बघत राहिले. कांताबाईनं रेघेच्या जरा वर हात धरला, जणू कोणाच्या डोक्यावर ठेवतेय, आणि म्हणाली की कपडे वाढत्या अंगाचेच घ्या, लेकरू कपड्यात भरत जाते.

रविवारी दोघं पंडरीच्या कपडा मार्केटात गेले. डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. लहान मुलांच्या दुकानांबाहेर दोरीवर फ्रॉक टांगलेले होते, आणि वारा आला की ते एकदम फुगायचे, पुन्हा रिकामे व्हायचे. इतकी वर्षं दीक्षा ह्या गल्लीत आली की रस्त्याची बाजू बदलायची. कुणाचं बारसं असलं तर भेटीचा कपडा सासूकडून मागवायची. आज ती प्रत्येक दोरीखाली थांबत होती. तिला वाटत होतं, प्रत्येक फ्रॉकात कुणीतरी आत्ताच होतं आणि आपण यायच्या क्षणी बाहेर पळालं. गल्लीतले आवाज लांबून आल्यासारखे येत होते. बुद्धभूषणनं तिचा हात धरला होता. बाजारात तो कधी हात धरत नसे.

एका दुकानात ते शिरले. काउंटरमागे साठीची एक बाई होती, गळ्यात माप घ्यायची टेप, चष्मा कपाळावर. ती हिंदीत म्हणाली, किस नंबर का दिखाऊं? बुद्धभूषण म्हणाला, एक्याण्णव सेंटिमीटर. बाई हसली. दोघांचं आपसातलं मराठी ऐकून तीही मराठीत आली. तिचं नाव गोदावरी, जन्मापासून रायपुरातलीच. कपडे सेंटिमीटरवर मिळत नाहीत, तिनं सांगितलं, वीस नंबर, बावीस नंबर असे मिळतात. पोरीला सोबत आणलं असतं तर बरं झालं असतं.

मग दीक्षा म्हणाली की ती गावाला गेली आहे, आजीकडे.

इतक्या सहज ती आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. आणि एकदा ते बोलल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. गोदावरीबाईनं झालरीचा गुलाबी फ्रॉक काढला तर दीक्षा म्हणाली की झालर नको, तिला मानेला टोचते. बाईनं पांढरा काढला. दीक्षा म्हणाली की ती मातीत बसते, पांढरा टिकत नाही. बुद्धभूषण बायकोकडे बघत राहिला. आणि मग तोही म्हणाला की ती पालथी झोपते, पुढे बटणं नकोत. त्याला ते कुठून सुचलं हे त्यालाच कळलं नाही. पण बोलताना त्याला ती खरंच दिसली, पालथी, एक गाल चादरीत दबलेला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती पोरगी हळूहळू तयार होत गेली. तिला पिवळा रंग आवडत होता. ती धावताना पडायची आणि रडायची नाही. तिचे पाय नेहमी गार असायचे.

"हातानं दाखवा मले," गोदावरीबाई शेवटी म्हणाली. "केवढी आहे?"

बुद्धभूषणनं हात खाली नेला, तळवा पालथा करून हवेत धरला. चौकटीवरची रेघ त्याच्या खांद्याला आणि मनगटाला पाठ झाली होती. बाई काउंटरमागून बाहेर आली, खाली बसली, फरशीपासून त्याच्या तळव्यापर्यंत टेप लावली. मग एक पिवळा, साधा, मागे बटणाचा फ्रॉक घेऊन तिनं त्याच्या तळव्याखाली धरला, डोक्याएवढी जागा सोडून. पंख्याच्या वाऱ्यावर फ्रॉक थोडा हलला. बुद्धभूषणनं हात काढला नाही. त्याला वाटलं, हात काढला तर ती जाईल.

बावीस नंबर ठरला. मग लाल स्वेटर, दोन लेगिंग, मोजे, कानटोपी. हे सगळं घेताना दीक्षाचा हात कुठंच अडला नाही. अडला तो बनियान आणि चड्ड्यांवर. बाईनं पुडकं उघडून समोर ठेवलं आणि किती देऊ विचारलं. दीक्षानं एक चड्डी उचलली. तिच्या तळहातापेक्षा थोडी मोठी होती, कडेला बारीक निळी बदकं. फ्रॉक कुणाच्याही पोरीसाठी घेता येतो. हे मात्र फक्त घरच्या पोरीसाठी घेतात. तिच्यानं पुढं खोटं बोलवेना.

"आम्ही तिले अजून पाह्यलंच नाही," ती म्हणाली. "आनाले जाऊन राहिलो, पुढच्या शुक्रवारी. दत्तक."

गोदावरीबाईनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दोघांकडे पाहिलं. खोटं बोललात असं ती म्हणाली नाही. तिनं पुडकं बाजूला सारून दुसरं मोठं काढलं.

"मग बारा घ्या," ती म्हणाली. "नव्या जागी पोट्टे अंथरूण ओलं करतात. त्याच्यावरून बोलू नका तिले."

शिशुगृहात फुलेश्वरी त्यांच्यासमोर आली तेव्हा ती फोटोपेक्षाही लहान होती. तिथल्या दीदीनं तिला आतून त्यांनी नेलेले नवे कपडे घालून आणलं. कपडे घालताना तिनं दवाखान्यात तपासायला करतात तसे हात वर केले असतील, कारण बाहेर आल्यावरही ते अंगापासून दूरच होते. पिवळा फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. दीक्षानं पाठीमागं सेफ्टीपिन लावली. बसमध्ये सहासात तास ती खिडकीपाशी ताठ बसली, कपड्याला काही लागू नये अशी. केळं दिलं तर ते तिनं फ्रॉकपासून लांब धरून खाल्लं. घाटातल्या वळणावर ती दीक्षाच्या अंगावर कलली आणि लगेच सरळ झाली.

घरी आल्यावर तिनं एकेक कपडा स्वतः काढला. बटणापुरती मदत घेतली. मग फ्रॉकाची घडी केली, तिच्या वयाच्या मुलीला येणार नाही अशी नीट, आणि दीक्षापुढे धरली.

"दीदी, ले लो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तसंच. दीक्षा सांगायची, हे तुझं आहे. फुलेश्वरी म्हणायची, हव, म्हणजे हो. आणि संध्याकाळी घडी करून परत द्यायची. बारा चड्ड्या उपयोगी पडल्या. त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. पण कपाटातला तिचा कप्पा तिनं एकदाही उघडला नाही.

आठवड्याभरानं दीक्षा कामावरून आली तर पोरगी अंगणात बुद्धभूषणचा बनियान घालून बसली होती. बनियान घोट्यापर्यंत, गळा पोटापर्यंत. कांताबाई हसू दाबून शेंगा निवडत होती. तिनं सांगितलं की दोरीवरून हिनंच ओढून काढला. दीक्षा तिच्यापुढं उकिडवी बसली आणि विचारलं, हा काहून घातला?

"सूखा था," फुलेश्वरी म्हणाली.

दीक्षाला त्या शिशुगृहातली दोरी आठवली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडेच कपडे. तिथं कपडा कुणाचाच नव्हता. आंघोळ झाली की जो वाळला असेल तो घालायचा, संध्याकाळी परत द्यायचा. तिनं बनियान काढायला लावला नाही. बुद्धभूषणनं खांद्यावर दोन गाठी मारून दिल्या, आणि महिनाभर घरात ती बहुतेक वेळ त्यातच हिंडली. कधी कांताबाईचा ब्लाउज, कधी दीक्षाचा कुर्ता. पिवळा फ्रॉक कप्प्यात पडून होता. दीक्षानं मनाशी ठरवलं होतं की बोलायचं नाही. पण दुपारी लॅबमध्ये यंत्रात नळ्या फिरत असताना तिला तो फ्रॉक दिसायचा, पंख्याच्या वाऱ्यावर हलणारा. दुकानात त्या दोघांनी जी पोरगी उभी केली होती तिला पिवळा आवडत होता. ह्या पोरीला काय आवडतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते कळेपर्यंत ती दुकानातली दुसरी थोडी आठवायची, आणि आठवण झाली की दीक्षाला अपराध्यासारखं वाटायचं.

जानेवारीच्या शेवटी, एका रविवारी सकाळी, त्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहणाऱ्या चित्राची मुलगी ईरा खेळायला आली. ईरा पाच वर्षांची, घर डोक्यावर घेणारी. नळाखाली दोघी बाहुलीला न्हाऊ घालत होत्या. ईरा घसरली आणि पार चिंब झाली. थंडी होती. दीक्षानं हाताला आलेला कोरडा कपडा म्हणून कप्प्यातला पिवळा फ्रॉक काढला, ईराला घातला आणि घरी पाठवून दिलं. तो तिला अगदी बरोबर बसला.

थोड्या वेळानं फुलेश्वरी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. दीक्षा कणीक मळत होती.

"वो मेरा था," फुलेश्वरी म्हणाली.

दीक्षाचे हात थांबले. तिनं वळून पाहिलं. पोरगी रागात नव्हती. नुसती खात्री करून घेत होती, आणि उत्तर काय येईल ते तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"हो," दीक्षा म्हणाली. "तुझाच आहे."

"तो वापस कब देगी?"

"चाल, आपण आणू."

दीक्षानं कणकेचे हात धुतले. फुलेश्वरीनं चपला घातल्या, उलट्या पायांत, आणि ती आधी निघाली. ती अशी कधी पुढं चालली नव्हती, नेहमी भिंतीकडेनं, मागे मागे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं विचारलं, कहां चली बिटिया, तर ती थांबून म्हणाली, मेरा फ्रॉक लेने. छतावर रखियाची बडी, कोहळ्याचे सांडगे, वाळत घालणाऱ्या बाईनं काही विचारलं नव्हतं. तिलाही तिनं मान वर करून सांगितलं. एका झोपलेल्या कुत्र्याजवळ ती वाकली आणि त्यालाही सांगून आली.

चित्राच्या अंगणात फ्रॉक दोरीवर होता. ईरानं त्यावर डाळ सांडली होती, म्हणून चित्रानं तो धुऊन टाकला होता, आणि संध्याकाळी इस्त्री करून आणून देईन असं ती ओशाळून म्हणाली. फुलेश्वरीनं काठ पकडून पाहिला. पाणी गळत होतं. दीक्षाला वाटलं, आता ती शेजारचा कुठला तरी कोरडा कपडा ओढेल. दोरीवर ईराचे बरेच होते.

"हम रुकेंगे," फुलेश्वरी म्हणाली, आणि फ्रॉकाखालच्या पायरीवर बसली.

दीक्षा तिच्या शेजारी बसली. चित्रानं चहा आणला. ईरा आतून बाहुली घेऊन आली आणि कंटाळून परत गेली. वरून मधूनच एखादा थेंब फुलेश्वरीच्या केसांत पडायचा, ती तो पुसत नव्हती. पायरीवर आता सावली येऊ लागली होती. पोरीनं दीक्षाचं बोट धरून तिला उन्हात ओढलं. ऊन अंगणातून हळूहळू सरकत गेलं, तशा त्या दोघीही सरकत गेल्या.